मानेतली नळी

४ एप्रिल

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

डायलिसिससाठी तुझ्या हातात केलेली शिरांची जोडणी बंद पडली आणि आता मानेत नळी घालणार, असं बाबांकडून कळलं. घाबरू नकोस. सरावाच्या हाताला हे काम वीस मिनिटांचं आहे.

सरावाचा हात म्हटलं आणि माझी मलाच लाज वाटली. पुढच्या महिन्यात माझी किडनीतज्ज्ञाची परीक्षा. त्याआधी एक वही भरून द्यायची असते. मानेत स्वतः घातलेल्या पंचवीस नळ्यांची त्यात नोंद लागते, तीही पेशंटच्या नावानिशी. तीन वर्षांत मी घातल्या फक्त चार. बाकीचा वेळ रिपोर्ट आणण्यात, फॉर्म भरण्यात आणि दुसऱ्यांच्या खांद्यावरून डोकावण्यात गेला. आमच्या सगळ्यांचं तेच. म्हणून शेवटच्या आठवड्यात सगळे एका खोलीत बसून वह्या भरतात. निळं पेन, काळं पेन, जाड, बारीक, आलटूनपालटून, म्हणजे नोंदी वेगवेगळ्या दिवशी केल्यासारख्या दिसतात. एकाने तर पानांवर मुद्दाम चहा सांडला. खाट क्रमांक नऊवरच्या आजी जानेवारीतच वारल्या. त्यांच्या एकाच नळीवर आम्ही चौघांनी हक्क सांगितला आहे. विभागाचे मोठे सर फोनवर बोलत बोलत सह्या ठोकतात.

आत्या, त्यातल्या पाच खोट्या नोंदी आतापर्यंत मी लिहिल्या आहेत, अजून सोळा लिहायच्या आहेत. आजींची धरून. शिसारी आली आहे, सरांची आणि माझीसुद्धा. पण पूर्ण भरलेली वही पंधरा तारखेपर्यंत दिली नाही तर परीक्षा सहा महिने पुढे जाते. काय करू ते लिही. लोभ आहेच, रागावलीस तरी तो कमी करू नकोस.

तुझी,
ठमी

९ एप्रिल

चि. ठमीस,

अ. उ. आशीर्वाद.

रागावले आहे. बत्तीस वर्षं शाळेत पोरांच्या वह्या तपासल्या. उतरवलेला गृहपाठ मला लांबूनही ओळखू येतो. पण त्या पोरांच्या गृहपाठाने कुणाच्या मानेला भोक पडत नव्हतं.

सोमवारी माझी नळी घातली. नवाकोरा तज्ज्ञ आहे, दिसायला गोरागोमटा, बोलायला गोड. त्याने पाच वेळा टोचलं. तिसऱ्या वेळी सुई भलतीकडेच गेली आणि रक्त उशीपर्यंत आलं. त्याचा घाम माझ्या गालावर टपकत होता आणि मला पुसताही येत नव्हता. शेवटी सिस्टरनेच त्याला हळूच सुईची दिशा सांगितली. मान काळीनिळी पडली आहे, हे पत्र पाटी छातीशी धरून लिहिते आहे.

समोरच्या भिंतीवर त्याचं प्रमाणपत्र काचेत लावलेलं आहे. पडल्या पडल्या दुसरं बघायला काही नव्हतं, म्हणून पूर्ण वाचलं. तुमच्याच हॉस्पिटलचं आहे, आणि खाली तुझ्या मोठ्या सरांची सही. छान झोकदार सही आहे मेल्याची.

काय करायचं ते आता मला विचारू नकोस. जेवत जा. माया आहे तशीच आहे.

तुझी आत्या

१६ एप्रिल

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. मग पाचही नोंदींवर रेघ मारली आणि चार नळ्यांची वही सरांच्या टेबलावर ठेवली. सर हसले. म्हणाले की एवढं सोवळं पाळायचं तर डॉक्टर कशाला व्हायचं. परीक्षा पुढे गेली. बाबांनी तीन दिवस अबोला धरला आहे, तेवढं तू बघ.

सरांकडे एकच मागितलं, की हे सहा महिने मला डायलिसिसच्या खोलीत कामाला लावा. दुसऱ्या दिवशी माझ्या नावाची पाटी तिकडे लागली. मैत्रिणी मला टाळतात. तुझी मान कशी आहे ते कळव, आणि लोभ असू दे.

तुझी,
ठमी

२० मे

चि. ठमीस,

अ. उ. आशीर्वाद.

बाबा बोलायला लागले असतील. मी फोनवर चांगलं झापलं आहे.

माझ्या नळीत जंतू शिरले, दोन दिवस तापाने फणफणले. नळी बदलायची ठरली आणि पुन्हा तोच गोरागोमटा हातमोजे चढवून हजर. मी मान देईना. आधी सांग, म्हटलं, माझ्याआधी किती जणांना नळ्या घातल्यास तू. बाई, पुष्कळ, म्हणाला. मी वर्गात बघायचे तसं नुसतं बघत राहिले. मग त्याने सिस्टरला बाहेर पाठवलं, आणि जमिनीकडे बघत सांगितलं की गेल्या महिन्यात वहीप्रमाणे मी सव्विसावी होते, खरी मोजली तर पहिली.

किळस आली गं. त्यालाच जाऊन इथल्या मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणायला लावलं. ते शेजारी उभे राहिले, तेव्हा कुठे मान दिली. या वेळी एकदाच टोचलं. तो रडला, पण मी काही त्याचे डोळे पुसले नाहीत.

तुझी पाचवी नळी झाली की कळव. पाचवीच म्हणून कळव. तोवर मी टिकते.

तुझी आत्या