एका बाजूने सपाट

बुकित पंजांग,
नोव्हेंबर २०१३

नेनिता, तुला आशीर्वाद.

तुझा फोन लागत नाही आणि पत्ता माझ्याकडे नाही. तुला मराठी वाचताही येत नाही, तरी लिहितो आहे.

तुझ्या मॅडमच्या, विभाच्या आजारपणात तू तिला उचललंस, भरवलंस. ती गेल्यावर मायदेशी परतताना आपला कोयता इथेच ठेवून गेलीस. म्हणालीस, "सर, देवाचा नारळ आता कोण फोडणार? तुमच्या सुरीला तर तो हसतो."

तुमच्या देशात वादळ आलं तेव्हा मी निर्धास्त होतो. तू मनिलाची, आणि मनिला वाचलं होतं.

काल जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यातला माझा सहकारी, तुमच्याच देशाचा रामोन, घरी आला. त्याने कोयता हातात घेऊन पाहिला.

"हा मनिलाचा नाही, सर. पातं बघा, एका बाजूने सपाट, उतार एकाच बाजूला. असं विसाया बेटांवरचे लोहार घडवतात. आणि मूठ तर त्यातल्या आमच्या सामार बेटाची."

"अरे, पण ती मनिलाची आहे!"

"आणि तुम्ही मुंबईचे ना, सर?"

मी माणदेशातल्या एका खेड्यातला. इथे परदेशात सगळ्यांना मुंबईच सांगतो.

सामारचा किनारा वादळाने धुऊन नेला आहे. रामोनच्या आईचा निरोप आला. तुझा नाही.

संध्याकाळी देवापुढे बसलो. विभासाठी रोज शांती मागतो. तुझ्यासाठी तो शब्द ओठांवर येऊ दिला नाही. पोरीला कुठेतरी कोरड्या जागी ठेव, एवढंच म्हणालो.

तुझ्या फोनची वाट पाहणारा,
सदाशिव सर