डाव्या चाकाचे ओरखडे

मेहुणेबुवा,

तुम्हाला साष्टांग दंडवत. (नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही. हल्ली माझा बराचसा दिवस गाडीशेजारी फरशीवर आडवं पडण्यात जातो, त्यामुळे दंडवत आपोआपच घडतो.) तुमची पाठ काय म्हणते? वहिनींचा खोकला गेला का? इकडे तुमच्या ताईचे गुडघे होते तसेच आहेत, आवाज मात्र ठणठणीत आहे. आणि मी आहे. माझ्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी लिहितो.

आमच्या जुन्या गाडीला मी वापरलेली अलॉयची चाकं बसवली हे तुम्हाला ठाऊकच आहे. ताईचं म्हणणं होतं, गाडीचं वय झालंय, आता तिला दागिने कशाला? पण मला वाटलं, वय झालेल्यांनाच जरा बरं दिसायची गरज असते. चाकं विकणारा म्हणाला, "काका, किरकोळ ओरखडे आहेत, हात फिरवलात की जातील." हात फिरवून फक्त मांजर खूश होतं, हे मला या वयात कळायला हवं होतं. असो. चाकं बसली, आठवडाभर सुखात गेला, आणि मग ओरखडे वाढायला लागले. जुने होतेच, त्यात नवे. आणि सगळे डाव्या बाजूला! उजवीकडची चाकं आणली तशीच आहेत, आणि डावी बघाल तर कोंबड्यांनी उकरल्यासारखी. मी यावर पुष्कळ विचार केला. हल्ली फुटपाथ उंच बांधतात हे एक कारण. डाव्या चाकांचा धातू कच्चा असावा हे दुसरं. तिसरं म्हणजे ताई डावीकडे बसते आणि सारखी बोलते, त्यामुळे गाडी तिकडे ओढली जाते. हे तिसरं मी बोलून दाखवलं आणि तिथेच घात झाला. ताई गाडीतून उतरली, चाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता एक जरी नवा ओरखडा दिसला, तर किल्ली माझ्या डब्यात. मग बसा दाराशी भाड्याच्या गाडीची वाट बघत."

तुम्ही हसाल. पण मेहुणे, मी भाजी निवडली की ती पुन्हा निवडते. मी कपड्यांच्या घड्या घातल्या की उलगडून पुन्हा घालते. तिला गुडघ्यांच्या व्यायामाला नेणं, दार उघडून धरणं आणि परत आणणं, एवढं एकच काम या घरात माझ्या हातून झालं की झालं असं धरलं जातं. तेही गेलं तर मी निव्वळ अडगळ. दिवाणाखाली सरकवायचा राहिलो म्हणून बाहेर.

तेव्हा ठरवलं, ताईच्या नजरेला पडायच्या आत ओरखडे घालवायचे, तेही स्वतः. मी कधी गुरू केला नाही. घड्याळं उघडून उघडून शिकलो (ती पुढे चालली नाहीत, पण मी शिकलो). तसंच हेही फोनवर एका पोराची फिल्म बघून शिकलो. चाक धुवायचं, टायरवर चिकटपट्टी लावायची, बारीक वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने घासायचं, वर चंदेरी रंगाचा फवारा, त्यावर लॅकर, संपलं. तो पोरगा हे सगळं एक गाणं संपायच्या आत करतो. मला चिकटपट्टीचं टोक सापडेपर्यंत दुपार झाली. बारीक म्हणून उचललेला पेपर दारं-खिडक्या घासायचा निघाला (मागचा आकडा काही नीट दिसला नाही), आणि एक ओरखडा होता तिथे शंभर झाले. म्हटलं, हरकत नाही, सगळं चाकच एकसारखं घासू, म्हणजे कुठलाच उठून दिसणार नाही. घासलं. मग फवारा मारला. तो थोडा चाकावर, थोडा फरशीवर आणि उरलेला माझ्या चपलांवर बसला. चपलांवर मात्र इतका सुरेख बसला की ताईने विचारलं, "नव्या घेतल्या का?"

बरं, चाक झालं ते असं झालं की टकलावर ऊन पडावं. शेजारची चाकं एकदम म्हातारी दिसायला लागली. लांबूनही कळावं, इथे कोणीतरी काहीतरी लपवलंय. शेवटी मी कुंडीतली ओली माती आणून त्या चाकाला फासली. आयुष्यभर पोरांना स्वच्छतेवर भाषणं दिली, आणि आता स्वतःच्या हाताने केलेल्या कामाला स्वतःच्या हाताने चिखल लावत बसलो. एवढं करून दोन दिवसांनी बघतो, तर पुढच्या डाव्या चाकावर पुन्हा बारीक नवे ओरखडे! तण उगवावं तसे. पुन्हा घासलं, पुन्हा उगवले.

परवा तर कळस झाला. कोरडंच घासत होतो (पाणी आणायला उठलं की पुन्हा खाली बसवत नाही). पूड उडाली ती थेट उजव्या डोळ्यात. धूळ ताईच्या डोळ्यात फेकायची होती, तिचा पत्ता चुकला. उजव्या डोळ्यावर रुमाल दाबला आणि डाव्याने चाकाकडे बघितलं, तर मेहुणे, चाक नवं कोरं! सायीसारखं गुळगुळीत. औषधाला ओरखडा नाही. ताईला हाक मारायला तोंड उघडलं, आणि मग लक्षात आलं, की टायरवरची अक्षरंही नाहीत. फरशीचे सांधे नाहीत. स्वतःचा हात समोर धरला तर पंजा होता, बोटं मोजायला स्पर्श लागत होता. रुमाल काढला, आणि ओरखडे सगळे जागच्या जागी.

मग मी तिथेच बसून राहिलो. रुमाल एकदा या डोळ्यावर, एकदा त्या. डाव्या डोळ्याने सगळं जग दुधाच्या भांड्यात बुडलेलं. म्हणजे फुटपाथ उंच नाहीत, धातू कच्चा नाही, आणि तुमच्या ताईचं बोलणंही निर्दोष आहे (हे तिला कळवायची गरज नाही). घासून जाणारं असतं तर हेही घासलं असतं.

वहिनींना नमस्कार. पाठीला शेक देत राहा.

तुमचे,
चाकाशेजारी पडलेले दाजी

ता. क. तुमचं ड्रिल मशीन माझ्याकडे आहे, ते न्यायला या. त्याला पॉलिशचा फिरता बोळा लावून बघितला होता. त्याचं काय झालं ते प्रत्यक्षच बघा.

आणखी ता. क. ड्रिलचं निमित्त. खरं म्हणजे मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. ताईला सांगा, डोळे तुमचेच दाखवायचे आहेत आणि एकट्याला भीती वाटते. (लहानपणी तुम्ही फार भित्रे होतात असं ती नेहमी सांगते, तेव्हा संशय येणार नाही.) तोवर मी गाडी काढत नाही. बॅटरी उतरली असं सांगून ठेवलंय. हे वाचून फाडून टाका.

बाळा, ही मी, ताई. पाकिटावर पत्ता घालायला पत्र माझ्याकडे दिलं, कारण ओळ सरळ येत नाही. घडी घातली म्हणजे मी वाचणार नाही असं त्यांना वाटतं. डोळ्याचा मला कधीचा संशय होता, हल्ली चहा कपाशेजारी ओततात. सरळ सांगितलं असतं तर उसळले असते, म्हणून किल्लीचा धाक घातला. बॅटरीला काहीही झालेलं नाही, मी रेडिओ लावून बघितला. डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली आहे, तुझ्या दाजींच्याच नावाने. तू ये आणि त्यांच्यासमोर घाबर. किल्ली मी घेणार नाही रे. डोळा बरा झाला की मला त्यांनीच न्यायचंय, दार तसं दुसरं कोणी धरत नाही.

आणि पुढच्या चाकावर ते बारीक उगवतात ना, ते माझ्या काठीचे. उतरल्यावर पदर नीट करेपर्यंत मी ती चाकाला टेकवते आणि ती घसरते. हे त्यांना सांगू नकोस, बिचारे फार मनापासून घासतात. येताना काठीच्या टोकाला लावायचं रबरी बूच तेवढं घेऊन ये. जुनं केव्हाच झिजलं.