एक खुर्ची, दोन अर्ज

४ नोव्हेंबर
यशराजचं गणित काय वर्णावं! सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत अजून व्हायचीय आणि नवरा माझा फुलांचे हार सांगून आला. "खुलं निघालं तर मी, खुल्या महिलेला निघालं तर तू. म्हंजे शंभर टक्के घरातच!"

बारामतीला बारावीच्या पोरांना मी हेच शिकवते — परस्पर अपवर्जी घटना. एक घडली की दुसरी घडूच शकत नाही, म्हणून शक्यतांची सरळ बेरीज. समजा चार चिठ्ठ्या — खुली, खुली महिला, ओबीसी, ओबीसी महिला. पाव अधिक पाव. अर्धं!

"अर्धं कुठनं आलं? तुझी शाळा हितं नगं."

७ नोव्हेंबर
इंदापुरात सोडत झाली. खुली महिला!! लोकांनी यशराजला खांद्यावर घेतलं. मला साधा फोन नाही.

८ नोव्हेंबर
चौकात फ्लेक्स. त्याचा फोटो दाराएवढा, माझा पासपोर्टचा. माझं नाव छापायचं राहिलं — "सौ. यशराजदादा"!

१ डिसेंबर
अर्ज भरला. परतताना गाडीत सांगून टाकलं — खुर्चीवर मीच बसणार, वाचल्याशिवाय सही नाही. "मी सरपंच आणि तुम्ही सरपंच, ह्यासुद्धा परस्पर अपवर्जीच घटना, अहो!"
साहेबांनी रेडिओ मोठा केला, तो भवानीनगर येईस्तोवर.

२ डिसेंबर
त्यानं आज स्वतःच्या आईचाही अर्ज भरला! वर मलाच — "तू मागं घे. शिकलेली हायस, समजून घे."
आधी हसू आलं. मग ताट बाजूला सारलं.
सासूबाई मेथी निवडत होत्या. विचारलं, "तुम्हाला व्हायचंय सरपंच?"
"मला कुणी इचारलं?"

४ डिसेंबर
उद्या माघारीचा शेवटचा दिवस. दोन्ही अर्ज राहिले तर घरचीच मतं फुटणार, पलीकडचे निवडून येणार. म्हणजे माघार कुणी घ्यायची? शिकलेलीनं! दुसरं कोण?
घेते. वर्गात फळ्यापुढं किती ताठ उभी राहते मी — इथं मात्र माघारीचा कागद पर्समध्ये घालून ठेवला.

५ डिसेंबर
तहसीलला पोचलो तर सासूबाई बाहेर बाकावर! एकट्या, एसटीनं आलेल्या. स्वतःचा अर्ज मागं घेऊन मोकळ्या.
यशराज ओरडला, "आई, कुणी सांगितलं तुला?"
अंगठ्याची शाई पदराला पुसत म्हणाल्या, "आजवर तू दावशील तितं उठवला. ह्यो माझ्या मनानं."