चोरांना ठाऊक असलेली तारीख

नालासोपारा,
८ ऑक्टोबर २००९

ती. स्व. अक्कांना जयवंतीचा नमस्कार.

दूध तापत ठेवले होते, पाणी भरून झाले होते, मेथी तेवढी निवडायची बाकी होती. सोमवारची सकाळ अशी अगदी रोजच्यासारखी होती. मी रोजच्यासारखीच ह्यांच्या संगणकासमोर बसले, तर तिथे ते पत्र आलेले. (तुमचे गुडघे कसे आहेत हे आधी विचारायला हवे होते. कसे आहेत? फोन केला असता, पण तुम्हांला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही.)

तुमचे बंधू निवृत्त झाल्यापासून इंटरनेटवर बुद्धिबळ खेळत, हे तुम्हांला माहीत आहेच. सातारच्या एका गृहस्थांशी त्यांचा डाव चालू होता. एका खेळीला तीन दिवसांची मुदत असते. फेब्रुवारीत हे गेले तेव्हा खेळी ह्यांची होती. तिसऱ्या दिवशी मुदत संपत होती. तुम्ही सगळे बाहेरच्या खोलीत बसला होतात, तेव्हा मी आत जाऊन एक प्यादे पुढे सरकवले. मग वाचनालयातून बुद्धिबळाचे पुस्तक आणले. ते दोनदा वाचले. ह्यांनी जिंकत आणलेला डाव मी आठ महिन्यांत हरत आणला आहे.

तर पत्र त्या खेळांच्या कंपनीचे होते. इंग्रजी होते, कोश घेऊन वाचले. परवानगी नसलेली कोणी व्यक्ती आपल्या खात्यात शिरली असण्याची शक्यता आहे, असे त्यात लिहिले होते. दूध उतू गेले. मी कंपनीला फोन लावला आणि ती व्यक्ती मीच, असे कबूल करून टाकले. पलीकडे ऋतिका नावाची मुलगी होती. ती म्हणाली, "आंटी, टेन्शन नका घेऊ. तीन लाख लोकांचा डेटा चोरीला गेलाय, तुम्ही एकटीने नाही नेला." चोरांनी सगळ्यांची नावे, पत्ते आणि जन्मतारखा नेल्या आहेत म्हणे. म्हणून कंपनीने जुने पासवर्ड रद्द केले आणि सगळे डाव महिनाभर थांबवले. नवा पासवर्ड हवा तर जन्मतारीख सांगायची. तीनदा चुकली की खाते कायमचे बंद. मग तिने विचारले, सर आहेत का? मी म्हटले, बाहेरगावी गेलेत. कधी येतील? म्हटले, सांगून गेले नाहीत. (हे खोटे नाही.)

मी एक जून घातला. चूक. आपलेच बोट चुकले असेल म्हणून पुन्हा एक जून घातला. तेव्हा मला आठवले की आगाशीच्या शाळेत ज्याची तारीख माहीत नाही त्याला गुरुजी एक जून देत. तुमच्या विघ्नेशच्या वडिलांचाही एक जूनच ना? मी एकतीस वर्षे एक जूनला श्रीखंड केले. त्यांनी कधी नाही म्हटले नाही, उलट दोनदा वाढून घेतले. खरी तारीख त्यांनी सांगितली ती ह्या कंपनीला. म्हणजे चोरांना ती माहीत आहे आणि मला नाही. सासूबाईंना मी एकदा विचारले होते. केळीचे घड उतरवत होते तेव्हा झाला, म्हणाल्या. आगाशीत केळी बारा महिने उतरतात.

बाकी सर्व ठीक. मेथीची भाजी बरी झाली होती.

तुमची,
जयवंती

ता. क. : तुम्ही तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या होतात, तुम्हांला तिथी आठवत असेल. तिथी आणि साल कळवा. वाचनालयात जुनी पंचांगे आहेत, तारीख मी काढीन. एकच खेप उरली आहे, तेव्हा "साधारण" नको.

ता. क. २ : पत्र विघ्नेशकडून वाचून घेणार असाल, तर प्याद्याचा भाग त्याला गाळायला सांगा.

ता. क. ३ (शुक्रवार) : पाकीट पुन्हा उघडले. आपण कोणाला हरवतो आहोत हे सातारच्या गृहस्थांना कळायला हवे, असे वाटत राहिले. आज सकाळी ऋतिकाला फोन करून सर वारले, असे सांगितले. सातारला कळवा, असेही सांगितले. तिने खाते बंद केले. त्यासाठी तिला तारीख हवी होती, कधी गेले ती. ती मला पाठ होती, मी सांगितली. खाते आता नाही. तरी दुसरी तारीख तुम्ही कळवा.