रिकव्हरी रूमची फीत कापल्याबद्दल माफी न मागण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
उपजिल्हा रुग्णालय, सागदरा,
जि. यवतमाळ.

अर्जदार : श्रीमती कौसल्या श्रावण मुनेश्वर, अधिपरिचारिका, शस्त्रक्रियोत्तर कक्ष (रिकव्हरी रूम).

विषय : उद्घाटनापूर्वीच फीत कापल्याच्या आरोपाचा खुलासा, व माफीनामा देण्यास नकार.

संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, दि. २४ जानेवारी २०२५.

महोदय,

संदर्भीय नोटिशीत तीन आरोप आहेत. अर्जदाराने कक्ष रिकामा करण्याचा आदेश मानला नाही, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते कापावयाची फीत स्वतः कापली, आणि पाहुण्यांसमोर आवाज चढविला. तिन्ही गोष्टी घडल्या आहेत. साक्षीदार तपासण्यात कोणाचा वेळ घालवू नये. त्या का घडल्या, एवढेच अर्जदारास सांगावयाचे आहे.

१. सदर कक्ष चार महिन्यांपासून वापरात आहे. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण भुलीतून पुरता बाहेर येईपर्यंत तेथे राहतो व परिचारिका दर पंधरा मिनिटांनी त्याची नाडी, रक्तदाब, श्वास पाहते. उद्घाटन तेवढे राहिले होते. ते बुधवार, दि. २२ रोजी सकाळी साडेअकराला ठरले. त्याच सकाळी श्रीमती जमनाबाई पूनमसिंग राठोड, वय ५४, यांची गर्भपिशवी काढण्याची शस्त्रक्रिया डॉ. दिपाली मॅडम यांनी केली. सव्वादहाला जमनाबाईंना खाट क्र. २ वर आणले.

२. साडेदहाला कार्यालयातील श्री. रामराव निरोप घेऊन आले. "सिस्टर, पेशंट वार्डात हलवा. सायबानं सांगतलं. फोटोत खाट खाली पाह्यजे." अर्जदार म्हणाली, "थे बाई अजून डोये उघडून नाही राह्यली, रामरावभाऊ. कशी हलवू?" रामराव खाली मान घालून परत गेले.

दहा मिनिटांत आपण स्वतः आलात. जमनाबाई तेव्हा पुटपुटत होत्या, "याडी... पाणी... याडी..." आपण म्हणालात, "बोलते आहे की ती! मग अडचण काय?" दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीने, हंसाबाईने, खुलासा केला, "थे आपल्या मायले बलावून राह्यली, सर. माही आजी जाऊन वीस वर्षं झाले." वारलेल्या आईला पाणी मागणारा रुग्ण शुद्धीवर आला असे धरत नाहीत. आपणही डॉक्टर आहात. हे आपणास अर्जदाराहून अधिक कळते. अर्जदाराने एवढेच म्हटले की भूलतज्ज्ञांची सही आणा, खाट लगेच हलवते. भूलतज्ज्ञ स्वागतासाठी फाटकावर उभे होते. सही आली नाही. खाट हलली नाही.

३. अर्जदाराच्या या हट्टास कारण आहे. नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका रुग्णालयात असाच तोंडी आदेश आला होता, तेव्हा अर्जदार "बरं, सर" म्हणाली होती. लीलाबाई नावाच्या त्या रुग्णाचा श्वास व्हरांड्यातच अडकला, आणि ट्रॉलीवर ऑक्सिजन नव्हता. त्या वाचल्या नाहीत. चौकशीत अर्जदाराचा दोष निघाला नाही. तिच्या मनातून मात्र तो आजवर गेलेला नाही. तेव्हापासून तिने तोंडी आदेशावर एकही रुग्ण हलविलेला नाही, आणि हलविणारही नाही.

४. पावणेअकराला जमनाबाईंची नाडी ९२ होती. अकराला ११०. सव्वाअकराला १२८, आणि रक्तदाब ८४ वर उतरलेला. पट्टी कोरडी होती, म्हणून वरून पाहणाऱ्यास सर्व ठीक दिसले असते. परंतु पोट फुगू लागले होते, ओठ पांढरे पडले होते, कपाळावर गार घाम होता. रक्त आतल्या आत वाहत होते. अर्जदाराने सलाइन जोरात सोडले, रक्ताची मागणी पाठविली, मॅडमना फोन केला. मॅडम धावत आल्या, पोटाला हात लावला आणि म्हणाल्या, "परत टेबलवर घ्या. आत्ता."

ट्रॉली दाराशी आणली, तर चौकटीला लाल फीत आडवी बांधलेली. पलीकडे पाहुणे, हार, कॅमेरे. दोन मिनिटे थांबा, असे सांगण्यात आले, कारण पाहुण्यांच्या कात्रीचे तबक खालीच राहिले होते. हंसाबाई ओरडली, "माही माय मरून राह्यली अन् तुम्ही काय पाह्यता?"

अर्जदाराने खिशातील ड्रेसिंगची कात्री काढली आणि फीत कापली. "बाजूले व्हा!" असे ती ओरडली. हळू बोलून कोणी सरकले नसते. फीत पडलेली पाहून मागच्या काही मंडळींनी सवयीने टाळ्याही वाजविल्या. त्या टाळ्यांतून ट्रॉली गेली. भूलतज्ज्ञही गळ्यातला हार काढीत मागे धावले, हे नमूद करणे न्याय्य होईल.

५. सुटलेली रक्तवाहिनी सापडली व बांधली गेली. रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. काल, दि. ३० रोजी, जमनाबाई स्वतःच्या पायांनी चालत घरी गेल्या. निघताना त्यांनी अर्जदाराचा हात धरून विचारले, "बाई, तुले नोटीस काहून देल्ली?" तो प्रश्न अर्जदार आपल्याकडे वर्ग करीत आहे.

६. नोटिशीत पुढे म्हटले आहे की अर्जदाराने लेखी माफी मागावी, उद्घाटन नव्याने घेण्यात येईल, आणि त्या वेळी 'सदर परिचारिका कक्षात नसावी'. अर्जदार माफी मागणार नाही. उद्घाटन जरूर घ्यावे, पण अंगणात घ्यावे. कक्षाच्या दाराला यापुढे फीत, दोरी, तोरण काहीही आडवे बांधू नये, असा लेखी आदेश काढावा. बदलीच करावयाची असल्यास नेरला करा, मारेगावला करा. तेथेही ती सहीशिवाय खाट हलविणार नाही, हे तेथील साहेबांना आधीच कळवावे.

७. चौकशी समितीपुढे दि. ४ फेब्रुवारीस सकाळी अकराला बोलाविले आहे. त्या दिवशी चार शस्त्रक्रिया ठरलेल्या आहेत. अर्जदाराच्या जागी या कामातली परिचारिका आधी पाठवावी. ती येऊन रुग्णांचा ताबा घेईपर्यंत अर्जदार खाटेपासून उठणार नाही. समितीस घाई असल्यास समितीने कक्षात यावे, चपला बाहेर काढाव्यात, आणि हळू बोलावे.

रुग्णांच्या उशाशी हजर असलेली, आपली,

(सही)
कौसल्या श्रावण मुनेश्वर
सागदरा, दि. ३१ जानेवारी २०२५

सोबत :
१) जमनाबाईंच्या नाडी व रक्तदाबाच्या नोंदींची प्रत
२) डॉ. दिपाली मॅडम यांचा दुसऱ्या शस्त्रक्रियेचा अहवाल
३) हंसाबाईचे स्वहस्ताक्षरातील निवेदन