आपल्या गावातलं एक मत

प्रिय लॅम्बर्ट,

चर्चच्या तळघरात मतदान असायचं, आई तिथे केक विकायची आणि आपण दोघं टेबलाखाली बसून चुरा खायचो, आठवतं? तेव्हा बाबांसकट सगळं गाव डेमोक्रॅट होतं. आता सगळं गाव रिपब्लिकन आहे आणि मी होते तशीच राहिले, म्हणून गेली चार वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस.

परवा काउंटीच्या पेपरात गावागावाचा निकाल आला. आपल्या गावात डेमोक्रॅटांना एकच मत. रविवारी चर्चमधली मिसा, प्रार्थना संपल्यावर कॉफी ओतता ओतता शेजारची व्हर्ना सगळ्यांसमोर म्हणाली, "मार्सेला, बाई, तू काही सुधारायची नाहीस! ते मत बरणीत घालून ठेवूया, मुरेल तरी."

सगळे हसले. तू नाही हसलास. तुझे कान लाल झाले, शाळेत सिस्टर बेनेडिक्टांनी खोडी पकडल्यावर व्हायचे तसे.

लॅम्बर्ट, तू पुन्हा बोलावंस म्हणून या खेपेला मी तुमच्या बाजूनं मत दिलं होतं. ते एक मत माझं नाही.

मी व्हर्नापुढे कप धरला आणि म्हटलं, "मुरू दे." हे पत्र टपालानं पाठवता येत नाही, तुझं टपाल तुझी बायको डोरीन फोडते; जाताना तुझ्या हातातच देईन. वसंतात मुलगी मला ओमाहाला नेणार आहे. मग पुढच्या निवडणुकीत तू कुणाच्या आड लपशील रे?

माझ्या कोंबड्या व्हर्नाला दे. पियानो शाळेला. बाबांचं घड्याळ डोरीनला, तिला ते फार आवडतं. आणि यंदाचं ते मत माझ्याच नावावर राहू दे.

तुझी ताई,
मार्सेला