फ्यूजच्या जागी तार

बाबा, आज दुपारी जाम चौरस्त्यावर आपल्या वायरिंगच्या दुकानासमोर एक ट्रेलर थांबला. ड्रायव्हर उतरताच म्हणाला, "लाइट लावून गाडी खड्ड्यात आदळली का फ्यूज उडून राह्यला. तुम्ही तार टाकून द्या ना त्याच्या जागी, मले हैदराबाद गाठाचं हाय." बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ड्रायव्हरने मला हेच म्हटलं होतं. त्या दिवशी तुम्ही वडनेरला साक्षगंधाच्या जेवणाला गेला होता आणि दुकानात मी एकटाच होतो. नवा डिप्लोमा आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट. काम मला येत नव्हतं असं नाही. फ्यूज काढायचा, त्याच्या जागी बल्ब जोडायचा, मग ट्रेलरखाली आडवं होऊन वायर पुढून मागे हातभर हातभर हलवत जायची. जिथे बल्ब एकदम भडकतो तिथे वायर लोखंडाला लागलेली. तुम्हीच शिकवलं होतं, आणि बजावलंही होतं, "फ्यूज उडतो तो गाडी वाचवासाठी उडतो. त्याच्या जागी कधी तार टाकजो नोको." पण खाली ग्रीस होतं, धूळ होती आणि मला हिंगणघाटला मित्रांकडे जायचं होतं. शर्ट मळेल म्हणून मी जाड तार खोचली. दिवे लागले. ड्रायव्हरने माझ्या खांद्यावर थाप मारली आणि तो निघून गेला.

ट्रेलरवर कापसाच्या गाठी होत्या. संध्याकाळी दिवे लावून तो हिंगणघाटच्या पुढे गेला आणि वायर पेटली, आग ताडपत्रीपर्यंत चढली. ताडपत्रीचे दोर सोडायला तो वर चढला, त्यात त्याचा उजवा हात भाजला.

पाचव्या दिवशी तो ट्रेलरच्या मालकाला घेऊन आला. हाताला कोपरापर्यंत पट्टी. मालकाने विचारलं, "तार कोनं टाकली?" तुम्ही माझ्याकडे पाहता. मी चिकटपट्टीचा रोल उलगडतो, पुन्हा गुंडाळतो. "म्या टाकली," तुम्ही म्हणता, "चूक झाली माह्याकून." ड्रायव्हरला ठाऊक होतं, त्याने मला पाहिलं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग तुमच्या पांढऱ्या डोक्याकडे, आणि काहीच बोलला नाही. मीही बोललो नाही.

त्यानंतर गाड्या समोरच्या दुकानावर थांबू लागल्या. बुढ्याला दिसत नाही, असं चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे आणि मी तिथेच बसून चहा प्यायचो. आईसुद्धा तुम्हाला रागवायची, "दिसत नाई तं हात काऊन लावता गाडीले?" तुम्ही खाली मान घालून भाकरी मोडायचात. एकदा धीर करून मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी..." तर तुम्ही ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणालात, "जेव अगोदर." मी जेवलो. सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहितो. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. शेवटच्या महिन्यांत तुम्ही दुकानात यायचात, पण पाना हातात घेत नव्हतात.

मागच्या महिन्यात आंजीच्या बाजारात तो ड्रायव्हर भेटला. कांदे विकतो. दोन बोटं सरळ होत नाहीत, स्टेअरिंग धरता येत नाही. मी वळणारच होतो, पण त्याने हाक मारली. कांदे तोलता तोलता म्हणाला, "तुमच्या बाबाच्या तोंडाकडे पाहून मी तवा चूप राह्यलो. तुम्ही तरी सांगसान असं वाटलं होतं." मी पिशवी उचलली.

आज मी ट्रेलरखाली आडवा झालो. ड्रायव्हर घाई करत होता, करू दिली. दीड तासाने मागच्या आडव्या पट्टीपाशी बल्ब भडकला; क्लिप तुटून वायर घासली होती, तांबं उघडं पडलं होतं. नवी वायर घातली, योग्य फ्यूज बसवला.

घरी आलो ते आईला सगळं सांगायचं ठरवूनच. अजूनही तुमचा विषय निघाला की ती म्हणते, "त्यायनं त्या दिवशी हात लावाले नोको होता." समोर बसलो तर जमेना, म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं. आत्ता ती दारात येऊन उभी राहिली. "काय लिहून राह्यला रे एवढं?"

मी म्हटलं, दुकानाच्या सामानाची यादी.